एका बाकावरच्या तीन पिढ्या

(कॉलेजात नव्याने येणाऱ्या मुलांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय, कॉलेजात येणारी नवी पोरं आणि त्यांची पिढी. मी म्हटलं, मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. शिक्षण मॅट्रिक, धंदा गोदीत माल उतरवायचा. कविता लिहितो, पण तिची हजेरी कुठला मुकादम लावत नाही. तर शिबिर घेणारे म्हणाले, तूच बोल, गेल्या जुलैत गेटवर जे झालं ते सांग. म्हणून उभा आहे. ते सांगायची मला लाज वाटते, हे आधीच बोलून टाकतो.

'मॅट्रिक' म्हटल्यावर मागे दोघे हसले. हसा. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली बॅच बाहेर पडली, तेव्हाच हा शब्द म्हातारा झाला. माझा जन्म त्यानंतर पंचवीस वर्षांनी. तरी आमच्या घरात मी मॅट्रिकच. कारण माझ्या आज्याने हा शब्द गोदीतल्या साहेबाच्या तोंडून ऐकला होता, आणि घरात एक तरी मॅट्रिक व्हावा म्हणून तो झुरत होता. जमीनजुमला नाही आला वारशाने, शब्द आला.

तर गेला जुलै. अंकाचा गठ्ठा घेऊन एका कॉलेजच्या गेटवर आम्ही चारपाच जण उभे. एक पोरगं आलं. पाठीला सॅक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदं. त्याने अंक चाळला. एका लेखावर बोट ठेवून विचारलं, "दादा, नामांतर म्हणजे काय?"

मी काय केलं? हसलो. नुसता हसलो नाही, बाकीच्यांना हाक मारली. "बघा रे, बाबासाहेबांच्या नावावर स्कॉलरशिप घ्यायची, आणि नामांतर माहीत नाही!" सगळे खिदळले. पोरगंही कसनुसं हसलं. वीस रुपये दिले, अंक पिशवीत ठेवला आणि गेलं. त्या दिवशी मला वाटलं, काय फटका मारला आपण!

दिवाळीनंतर तिसऱ्या पाळीला मी फाळक्यात होतो. ठेकेदाराच्या टोळीत नवा गडी उतरला. हेल्मेट डोक्यापेक्षा मोठं, हातमोजे कोणाचे तरी जुने. मान वर केली तर तोच. त्याने मला ओळखलं, मी त्याला. दोघांनीही ओळख दिली नाही. पहाटे चहाला मात्र शेजारी बसावंच लागलं, कारण बसायला तेवढीच जागा होती.

मग त्याने सांगितलं. बाप नाही. आई चार घरची धुणीभांडी करते. घरात दहावीच्या पुढे गेलेला हा पहिलाच. कॉलेजने सांगितलं, फी आधी भरा, स्कॉलरशिप आली की बघू. स्कॉलरशिपच्या फॉर्मला जातीचा दाखला हवा. दाखला निघेना. आईने व्याजाने पैसे काढून पहिला हप्ता भरला, दुसऱ्या हप्त्याला व्याजवालाच दारात. परीक्षेचा फॉर्म राहिला. कोणी त्याला हाकललं नाही. कोणी त्याची जात काढली नाही. खिडकीवरचा माणूस दर वेळी एवढंच म्हणायचा, "पुढचा."

मी त्याला नामांतर विचारून हसत होतो, तेव्हा त्या प्लास्टिकच्या पिशवीत काय आहे ते विचारायची अक्कल मला नव्हती.

आता पिढीबद्दल बोलू. हल्ली पेपरवाल्यांनी एक शब्द काढलाय, जेन झी. म्हणे ही मुलं हातात मोबाइल घेऊनच जन्मली. कोणाच्या हातात? यंदा एफ.वाय.ला आलेली पोरं २००७-०८ च्या आसपासची. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती सहावी-सातवीत होती. दीड वर्ष शाळा मोबाइलवर चालली. आमच्या चाळीत एका खोलीत तीन शिकणारी आणि मोबाइल एक, तोही बाप कामाला निघाला की त्याच्या खिशात जायचा. त्याच वर्षी दुसऱ्या एका घरात मुलाला वेगळी खोली होती, लॅपटॉप होता, आणि समजलं नाही तर समजावून सांगणारी बी.ए. झालेली आई होती. दोघांचं जन्मसाल एक. दोघं आज एका बाकावर. यांना एक पिढी म्हणायचं?

मी नाही म्हणणार. आपल्यात पिढी जन्मसालाने मोजता येत नाही. ती मोजायची घरात पहिलं पुस्तक कधी आलं त्यावरून. एका बाकावर तीन पोरं बसतात, तिघंही आपलीच. एकाचा आजा १९५० साली निघालेल्या मिलिंद कॉलेजात वसतिगृहात राहून शिकला, बाप बँकेत, राहायला ठाण्याला फ्लॅट. दुसऱ्याचा बाप बारावी, पोस्टात. तिसऱ्याच्या घरात शाळेच्या दाखल्यावर सही करणारं माणूस नाही, अंगठा आहे. या तिसऱ्याला 'मेजर', 'मायनर', 'क्रेडिट' हे शब्द पहिल्या आठवड्यात कानावर पडतात, आणि कोणाला विचारायचं हेच त्याला कळत नाही. पहिला घरी फोन करतो. तिसरा गप्प बसतो. प्राध्यापक म्हणतात, रस नाही. आपण म्हणतो, जाणीव नाही.

आणि दोस्तांनो, वर चढायची शिडीसुद्धा सगळ्या घरात सारखी चढत नाही. माझंच घर घ्या. आजा १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातून आला. अंगठेबहाद्दर. गोदीत लागला, बिल्ला मिळाला, परमनंट झाला. बाप सातवी शिकला. १९८९ साली समोर न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडे वळले. जिथे टोळ्याच्या टोळ्या लागायच्या तिथे क्रेन आली. बाप ठेकेदाराकडे. मी मॅट्रिक, मीही ठेकेदाराकडे. शिक्षण चढत गेलं आणि नोकरी उतरत गेली. अंगठेवाला पेन्शन घेऊन मेला, मॅट्रिकवाला रोजंदारीवर. उद्या एखादं पोरगं तुम्हाला म्हणालं, "शिकून काय होतं?" तर त्याला लगेच आळशी म्हणू नका. त्याने ते घरात बघितलंय.

सरकारला मात्र पिढी बरोबर कळते. वर्गात सगळे समान, पण दाखल्याच्या खिडकीवर तीन पिढ्या मागतात. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात. म्हणजे बापाचा नाही, आज्याचा, पणज्याचा. आणि आपले लोक १९५० च्या आधी त्या गावात राहत होते, त्या गावच्या तालुक्याला जाऊन काढायचा. आता पणजा शाळेत गेला असता तर हा प्रश्नच नव्हता! शाळेचा दाखला नाही, सातबारा नाही. मग कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद शोधायची. ती सापडली तर बऱ्याचदा मोडीत. मग मोडी वाचणारा शोधा. माझ्या बहिणीच्या दाखल्यासाठी बापाने तीन रोज बुडवले. ज्याला बाप नाही, त्याने कोणाचे रोज बुडवायचे?

यात आणखी एक मेख आहे. आज्याने १९५६ नंतर ताठ मानेने शाळेच्या रजिस्टरात 'बौद्ध' लिहिलं. महाराष्ट्राने १९६० पासून सवलती दिल्या, पण केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं ते १९९० साली. आज नातू खिडकीवर उभा राहतो तेव्हा त्याला विचारतात, पूर्वीची जात कोणती? सतरा वर्षांचं पोर. घरात तो शब्द कधी उच्चारला नाही. आणि ज्या खिडकीवर तो पहिल्यांदा उच्चारायचा, तिथे मागे अख्खी रांग उभी.

आपल्यातल्या जुन्या लोकांना एक विचारायचंय. राग मानू नका. तुम्ही म्हणता, बाबासाहेब दिव्याखाली शिकले, या पोरांना वीज असून जमत नाही. हे म्हणताना तुम्ही रामजी सुभेदारांना विसरता. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या मागे वाचणारा बाप होता. लष्करात शिकलेला, लष्कराच्या शाळेत शिकवलेला, पोराला पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली आणि कित्येक घरांतला तो वाचणारा बापच कापला गेला. बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पोरांना नुसतं 'शिका' म्हणून सोडलं नाही. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादला मिलिंद काढलं. ज्या पोराला वाचणारा बाप नाही, त्याला वाचणारी वास्तू दिली. १९७२ ला जे पँथर म्हणून उठले त्यांच्यातले कितीतरी याच वसतिगृहांतले. ते रागीट होते, खरं. पण रागाला आधी खोली लागते, कॉट लागते, शेजारच्या कॉटवर आपल्यासारखाच एक जण लागतो. आजचं पोर विरारहून लोकलला लोंबकळत येतं आणि लोंबकळत जातं. त्याला शेजारची कॉट कुठली?

तिसऱ्या पिढीच्या पोरालाही आपण सोडत नाही. त्याला 'दलित ब्राह्मण' म्हणून मोकळे होतो. त्याला इंग्रजी येतं, म्हणून तो आपला नाही! अरे, त्याची जात वेगळ्या तऱ्हेने विचारतात. रँक किती, कट-ऑफ किती, म्हणजे समजलं. १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. पहिल्या वर्षाचा, अठरा वर्षांचा, अहमदाबादच्या प्लंबरचा मुलगा. जात कळल्यावर सोबतच्यांची वागणूक बदलली असं घरच्यांनी सांगितलं, संस्थेच्या समितीने ते मानलं नाही. मी निवाडा करणारा कोणी नाही. मला एवढंच दिसतं की पोरगं तिथे जाऊन काही महिनेच झाले होते. ते काही महिनेच महत्त्वाचे. जून ते दिवाळी. आपण तेव्हा काय करत असतो? जयंतीची वर्गणी.

परत त्या पोराकडे येतो. आता तो माझ्याच टोळीत आहे. एका रात्री बोट उशिरा लागली, आम्ही रिकामे बसलो होतो. मी त्याला नामांतर सांगितलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला, मराठवाड्यात आपली घरं जळाली, १९७९ चा लाँग मार्च, आणि सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही नामविस्तार म्हणून. सगळं ऐकून त्याने विचारलं, "तेव्हा मिलिंदची फी किती होती, दादा?" मला सांगता आलं नाही. लढ्याच्या तारखा पाठ, फी नाही.

मग त्याच्या दाखल्यासाठी मी त्याच्या घरी गेलो. आजीला विचारलं, मूळ गाव कोणतं? आजी बोलेना. नातवाला वाटायचं, गाव म्हणजे काही नाहीच, आम्ही मुंबईचेच. पुन्हा पुन्हा विचारल्यावर म्हणाली, परभणीकडचं. मुंबईला कधी आलात? "घर जळालं त्या पावसाळ्यात." साल तिला सांगता येत नाही. पोराचा बाप तेव्हा पोटात होता. आज्याने पोरांना कायम सांगितलं, गावात काम नव्हतं म्हणून आलो. त्याने तेवढंच सांगितलं आणि तसाच मेला.

ते पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. मी खाली बघत होतो. नामांतर म्हणजे काय, असं त्याने मला गेटवर विचारलं होतं. मी हसलो होतो.

या जूनमध्ये आपण गेटवर उभं राहू तेव्हा अंक असू दे, पोस्टर असू दे. पण एक टेबल घाला, खुर्ची दोन्ही बाजूंना ठेवा. ज्याला महाडीबीटीचा फॉर्म भरता येतो असा एक जण तिथे रोज बसला पाहिजे. उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं खातं, हे आधी बघा, कारण स्कॉलरशिपचा केंद्राचा हिस्सा थेट पोराच्या खात्यात जमा करायचं ठरलंय, आणि खातं जोडलेलं नसेल तर पैसा अडकतो. कॉलेज फी आधी मागत असेल तर त्याच्याबरोबर खिडकीपर्यंत जा, चौघं जा. तिसऱ्या पिढीच्या पोरांना त्या टेबलावर बसवा, त्यांचं इंग्रजी कामाला येईल, आणि त्यांनाही शेजारी कोणी मिळेल. पोराला पहिला प्रश्न इतिहासाचा विचारू नका. घरात कोण कोण आहे, कितवी शिकलेत, गाव कुठलं, हे विचारा. उत्तर नाही आलं तर थांबा. न आलेल्या उत्तरामागे काय आहे ते मी तुम्हाला आत्ताच सांगितलं.

यंदा तो परत फॉर्म भरतोय. सोमवारी आम्ही दोघं पाळी बदलून परभणीला निघतोय, आजीने सांगितलेल्या गावचं कोतवाल बुक बघायला. नोंद मोडीत असायची शक्यता आहे. इथे कोणाला मोडी वाचता येत असेल, किंवा वाचणारा माहीत असेल, तर चहाच्या सुट्टीत मला भेटा. मी मागच्या दाराशी उभा आहे.