एकच रकाना

या अधिवेशनाचं अध्यक्षपद मला दिलंत, आभार. ते कामाला मिळालं की पांढऱ्या केसांना, याची चौकशी मी केलेली नाही.

सचिवांनी मला ‘हिवताप आणि बालआरोग्य’ असा आढावा सांगितलाय. लवकर आटपते. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. डीडीटी इतकी लागू पडली की १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ खोडून ‘निर्मूलन’ लिहिलं. १९६५ साली रुग्ण उरले लाखभर आणि मृत्यू शून्य. मग डास डीडीटीला सरावले, पैसा आटला, लक्षही आटलं. १९७६ साली रुग्ण ६४ लाखांवर गेले. नंतर हिवतापाच्या फॅल्सिपॅरम या जीवघेण्या जंतूपुढे क्लोरोक्वीन हे औषधही थकलं. आर्टेमिसिनिनची औषधं आली, पंधरा-वीस मिनिटांत निदान करणारं किट आलं, कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या आल्या. झाला आढावा.

मला बोलायचंय त्या शून्याबद्दल. १९६५चं शून्य खोटं होतं असं मी म्हणत नाही. तेव्हा मी शाळेत होते. पण कागदावर शून्य तयार कसं होतं, ते मला ठाऊक आहे. कारण एक मी स्वतः तयार केलंय.

गडचिरोली जिल्हा होऊन सात वर्षं झाली होती. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की भामरागड तुटायचं, आणि आमचं आरोग्य केंद्र त्याहूनही आडबाजूला. श्रावणात एक माडिया बाई तीन वर्षांच्या मुलाला पाठीशी बांधून दोन नाले ओलांडून आली. मुलाला हगवण लागलेली, डोळे खोल गेलेले. शिपाई दुभाष्याचं काम करायचा. तो म्हणाला, ‘म्याडम, हे पोरगं आखाडीपासून तीनदा थंडीतापानं पडलं म्हणते.’ तळहात पाहिले तर पांढरे फटक. साहलीच्या नळीत हिमोग्लोबिन चारच्या पुढे जाईना. रक्त चढवायची सोय तालुक्यालाही नव्हती. पहाटे मूल गेलं. बाईनं त्याला परत पाठीशी बांधलं आणि ती आली त्या वाटेनं गेली.

मी नोंदवही उघडली. मृत्यूच्या कारणाला एकच रकाना. त्यात मी लिहिलं, ‘अतिसार’.

सतरा दिवसांनी तालुक्याच्या प्रयोगशाळेतून कागद आला. गावात फिरणाऱ्या आमच्या आरोग्य सेवकानं त्या मुलाच्या रक्ताची काच आषाढातच घेतली होती आणि रिवाजाप्रमाणे क्लोरोक्वीनची गोळी देऊन पुढे गेला होता. कागदावर निकाल होता, फॅल्सिपॅरम. मी नोंद दुरुस्त करायला गेले. वरिष्ठ म्हणाले, ‘बाई, महिना बंद झाला. आणि मेलं तर हगवणीनंच ना?’ त्या वर्षी आमच्या केंद्रात हिवतापाचे मृत्यू शून्य. बैठकीत माझं कौतुक झालं आणि मी ते घेतलं.

सकाळच्या सत्रात दोन तरुण सहकारी २०१० सालच्या आकड्यांवरून हातघाईवर आले होते. घरोघरी जाऊन मृत्यूची हकीकत विचारणाऱ्या अभ्यासकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की भारतात हिवतापानं वर्षाला दोन लाखांवर माणसं मरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज १५ हजार. सरकारी नोंद हजाराच्या आसपास. संघटनेचं म्हणणं, तापानं मेलेला प्रत्येक जण हिवतापाचा नसतो, नातेवाईक काहीही सांगतात. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याच अभ्यासात या मृत्यूंपैकी ८६ टक्के कुठल्याही दवाखान्यात झालेले नव्हते. ज्याची काच घेतली नाही, तो हिवतापानं मेला नाही, हा आपला नियम. माझ्या नोंदवहीतल्या मुलाची तर काचही होती, तरी तो मोजला गेला नाही. तेव्हा खरा आकडा कोणता ते तुम्ही ठरवा. १५ हजारांवर विश्वास ठेवायला मला सांगू नका.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. गांबियात कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या, त्याचे निष्कर्ष १९९१ साली आले. एक ते चार वर्षांच्या मुलांचे एकूण मृत्यू ६३ टक्क्यांनी घटले. तिथल्या बालमृत्यूंत हिवतापाचा वाटा त्याआधी साधारण पाव धरला जात होता. मग उरलेली मुलं वाचली कशी? ती न्यूमोनियाच्या, हगवणीच्या, कुपोषणाच्या रकान्यात जाणारी मुलं होती. वारंवारच्या तापानं रक्त नासलेलं मूल पुढच्या कुठल्याही धक्क्यानं जातं, आणि रकान्यात शेवटचा धक्का लिहिला जातो. दवाखान्याच्या मृत्यू-प्रमाणपत्रात कारणांची साखळी लिहायला ओळी असतात. जो घरी मेला, त्याला त्या ओळी मिळत नाहीत.

‘लोक मच्छरदाणीनं मासे धरतात,’ हेही कुणी तरी हसत म्हणालं. धरतात, मी पाहिलंय. पण ती जुनी, फाटलेली असते. चांगली घरात एक, झोपणारे सात, आणि पीक राखायला बाप मचाणावर. मासे हा त्यातला सगळ्यात किरकोळ प्रश्न आहे.

लहान मुलांसाठीची हिवतापाची एक लस आता आपल्या पुण्यात तयार होते आणि आफ्रिकेत जाते. मला अभिमान आहे. पण आपल्याकडे लस हवी की नको, याचा वाद घालायला आधी मुलं मोजलेली लागतात.

करायचं काय, हे विचाराल. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मृत्यूत, गेल्या पावसाळ्यात ताप किती वेळा आला, एवढा एक प्रश्न जोडावा. अर्ज कसा असावा, कोण भरेल, हे एखाद्या छोट्या समितीनं पाहावं. मी मसुदा पाठवीन म्हणते, पण माझ्या मसुद्यांचा लौकिक सचिवांना माहीत आहे. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक वही नको, एवढं मात्र बघा.

पुढच्या अधिवेशनाला प्रत्येकानं आपल्या हातानं भरलेली एक चुकलेली नोंद घेऊन यावं, अशी माझी विनंती आहे. माझी मी त्या रात्री स्वतःच्या डायरीत उतरवून ठेवली होती, ती आज पर्समध्ये आहे. जेवणाच्या वेळी कुणाला पाहायची असेल तर दाखवीन. त्यात अजून ‘अतिसार’च आहे.