नवनिर्मिती, अनुकरण आणि प्रताधिकार
(सुरत येथे मराठी माध्यमाच्या शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



सुरत हे कापडाचे शहर आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांतील अनेकांचा चरितार्थ यंत्रमाग व छपाईच्या कारखान्यांवर चालतो. त्यांची मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांत शिकतात. हीच मुले आता संगणकावर साडीच्या काठाची नक्षी काढतात, भ्रमणध्वनीवर गाणी ध्वनिमुद्रित करतात. या कृतींत मुलाचे स्वतःचे किती आणि त्यांचा धनी कोण, हे दोन प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर संगीताच्या इतिहासात चांगले सापडते. राग कोणाच्याही मालकीचा नसतो. त्या रागात बांधलेली रचना मात्र रचणाऱ्याची असते. गोविंदराव टेंबे यांनी १९११ साली 'मानापमान' नाटकास चाली दिल्या, तेव्हा त्यांनी पूर्वेकडील ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाचा आधार घेतला. तरीही त्या चाली मराठी रंगभूमीला नव्या वाटल्या, कारण घेतलेल्या द्रव्यावर त्यांनी आपल्या प्रतिभेचे संस्कार केले होते. परंपरेतून घेणे हा दोष नव्हे; घेतलेले जसेच्या तसे आपले म्हणून मिरविणे हा दोष आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच तत्त्व मांडले की, कल्पनेवर प्रताधिकार नसतो, तिच्या विशिष्ट आविष्कारावर असतो.

येथे एक अडचण उद्भवते. आपले संगीत गुरुमुखातून आलेले आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाने आरंभी केवळ लिखित वा मुद्रित स्वररचनेसच संगीतकृती मानले होते. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली आणि गायक-वादकांच्या प्रयोगासही स्वतंत्र हक्क दिला. तथापि पुराव्याचा प्रश्न उरतोच. डागर घराण्याची 'शिवस्तुती' आणि 'पोन्नियिन सेल्वन २' या चित्रपटातील एक गीत यांविषयीच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने एप्रिल २०२५ मध्ये डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द केला. रचना गाणारा तोच तिचा रचनाकार, असे केवळ गायनावरून मानता येत नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. थोर कलावंतांच्या बाबतीतही जर कर्तृत्व सिद्ध करावे लागते, तर मुलांना आपल्या कामाची नोंद ठेवण्याची सवय आपण लहानपणीच लावावयास हवी. कच्चे आराखडे, दिनांक, सुधारणांचे टप्पे आणि कोणाचे काय घेतले याचा स्पष्ट उल्लेख, एवढे प्रत्येक कृतीसोबत असावे.

शाळेचे व्यवहार

गीतकार वा संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षेपर्यंत त्यांच्या कृतीवर प्रताधिकार राहतो. 'मानापमाना'चे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये आणि टेंबे १९५५ मध्ये निवर्तले. म्हणून त्या नाटकातील पदांचे शब्द व चाली आता सर्वांस खुल्या आहेत. परंतु एखाद्या गायकाने अलीकडे केलेल्या त्याच पदांच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आहे, हे विसरू नये.

शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी व शिक्षक यांनी पालकांसमोर एखादे गीत सादर केले, तर कलम ५२ अन्वये तो हक्कभंग ठरत नाही. त्याच कार्यक्रमाचे चलच्चित्र आंतरजालावर प्रसृत करणे हा मात्र निराळा व्यवहार होय. ही सवलत त्यासही लागू आहे असे गृहीत धरता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. विद्यार्थी हा शाळेचा नोकर नाही. म्हणून त्याने स्वतः केलेल्या चित्राचा, कवितेचा वा चालीचा पहिला धनी तोच असतो. त्यासाठी नोंदणीचीही आवश्यकता नसते. त्याचे नाव गाळून ती कृती शाळेच्या अहवालात छापणे, किंवा परस्पर एखाद्या व्यापाऱ्याच्या हाती देणे, हे शिक्षकाच्या अधिकारात बसत नाही.

सुरतेत या गोष्टीला अधिकच महत्त्व आहे. कापडावर छापावयाची नक्षी डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदविता येते आणि तिला प्रथम १० वर्षे व पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र अर्जापूर्वी ती प्रसिद्ध झालेली नसावी. उलटपक्षी, नोंदणीयोग्य नक्षी नोंदविलीच नाही आणि धन्याने वा त्याच्या परवान्याने तिच्या ५० हून अधिक प्रती यंत्राने निघाल्या, तर तिच्यावरील प्रताधिकारही संपुष्टात येतो. कौतुकाच्या भरात एखाद्या मुलीची नवी नक्षी आपण सर्वत्र पाठविली, तर तिची नोंदणीची संधी आपणच हिरावून घेऊ. ज्या घरात मजुरी मीटरवर मोजली जाते, त्या घरातील मुलीच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे.

कायद्याची कलमे मुलांकडून पाठ करून घ्यावीत असे माझे म्हणणे नाही. दुसऱ्याच्या कामाचे ऋण मान्य करणे आणि स्वतःच्या कामाचा मान राखणे, हे दोन संस्कार वर्गात रुजले तर कायद्याचा हेतू बव्हंशी सफल होईल. ही जबाबदारी आपण आस्थेने पार पाडाल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.