ओठांजवळची वीतभर नळी



लग्नसराईत वरात निघाली की आपली नजर पितळी वाद्यांच्या भोंग्यांवर जाते, कारण आवाज तिथून बाहेर पडतो. आज मी तुम्हाला दुसऱ्या टोकाला नेणार आहे. माउथपीस जिच्यात बसतो, त्या पहिल्या नळीपाशी.

डोंगऱ्या देवाच्या उत्सवातली पावरी तुम्ही ऐकली असेल; तेही फुंकून वाजवायचं वाद्य. तिच्यात फुंकर आधी भोपळ्यात साठते आणि स्वर पुढे बांबूतल्या जिभळ्यांवर उमटतो. पितळी वाद्याला जिभळी नसते. वादकाचे ओठच थरथरतात आणि नळीतल्या हवेतली लहर उलट येऊन त्यांना लय देते. म्हणून भोंग्याला पोचा पडला तर बहुधा निभावतं. तोच पोचा ओठांजवळच्या नळीत पडला तर एखादा स्वर हट्टाने हलू लागतो.

ट्रॉम्बोन आणि युफोनियम शेजारी ठेवा. दोघांची नळी उलगडली तर सुमारे ९ फूट. तरी एकाचा आवाज धारदार, दुसऱ्याचा गोल. याला भोंगा आणि सगळ्या नळीची घडण कारण आहेच, पण फरक सुरू होतो तो पहिल्या वितीतच. ट्रॉम्बोनची सरकती नळी एकाच व्यासाची हवी, नाहीतर ती सरकणार कशी? मग हळूहळू रुंदावण्याचा उतार द्यायचा कुठे? कारागिरांनी आतल्या नळीच्या तोंडाशी आणखी एक पातळ, वीतभर लांब नळी बसवली. ती सुरुवातीला आवळलेली असते, मग हळूहळू फाकते. काही वाद्यांत ती काढून दुसरी घालता येते. इतक्या कमी जागेत इतकं काम करणारी ही युक्ती मला फार आवडते. युफोनियमला अशी अडचण नाही. त्याची पहिली नळी भोंग्याला वळसा घालून व्हॉल्व्हपर्यंत सावकाश रुंदावत जाते.

टुबात हीच नळी आणखी जाड. सूझाफोन मात्र खांद्यावर घ्यायचं वाद्य. फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी ते १८९३ च्या सुमारास बनवलं. प्रत्येकाची मान वेगळी, म्हणून त्याची मानेसारखी नळी सुटी असते आणि तिच्यापुढे दोन छोटे वाकडे तुकडे. ते फिरवून माउथपीस ओठांसमोर आणायचा.

आता आपल्याकडची गोष्ट. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, नळीतली हवा तापते आणि पितळेचा स्वर चढतो. शेजारच्या कॅसिओ कीबोर्डचा स्वर मात्र जागचा हलत नाही. मग सूझाफोनवादक घाईने तेच छोटे तुकडे बाहेर ओढतात. थोडं चालतं. जास्त ओढले तर आत अचानक पायरी तयार होते आणि उताराची सगळी मेहनत तिथेच अडते. स्वर उतरवायचा तर पुढची मोठी सरकती नळी ओढा. आणि वाजवून झालं की पहिल्या नळीतून कोमट पाणी घाला, आतून ब्रश फिरवा. लाळ पितळाला आधी तिथेच खाते. बाहेर गुलाबी ठिपके दिसू लागले की आतला धातू पोकळ होत आलेला असतो.