कळसूबाईच्या वाटेवरचं ऊन

एप्रिल-मे महिन्यांत कळसूबाई शिखर चढायला निघणारे पाण्याच्या बाटल्या आठवणीने घेतात, पण उन्हासाठी क्रिकेटची टोपी पुरेशी मानतात. त्या टोपीत कान आणि मान उघडीच राहतात. चहूबाजूंनी रुंद काठाची टोपी घ्या आणि पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सैल सदरा. कापड उजेडासमोर धरून पाहा; पलीकडचं दिसत असेल, तर ऊनही आत येणार. पातळ सुती सदरा घामाने भिजला की आणखीच कमी अडवतो. चेहऱ्याला, मानेला एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी पुन्हा. दुपारी तिथल्या लोखंडी शिड्यांचे कठडे हाताला चटके देतात. म्हणून पहाटे पाचला चढायला लागा, अकराच्या आत खाली या.