सहस्रकाचा पहिला सूर्य आणि आमचा फडके रोड

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, आणि दारात उभे असाल तर आधी आत या. मग ऐका.

आजचा प्रश्न सोपा वाटेल. 1 जानेवारी 2000, म्हणजे नव्या सहस्रकाचा पहिला दिवस. तो पृथ्वीवर सगळ्यात आधी कुठे सुरू झाला?

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, आणि त्यात तारीख-वेळ हा सगळ्यात डोकं खाणारा भाग. जगभरच्या टाइमझोनची एक यादी असते, तुमच्या फोनमध्येही ती आहे. त्या यादीत 'किरितिमाती' नावाची एक नोंद आहे. ग्रीनिचच्या चौदा तास पुढे! आपण साडेपाच तास पुढे आहोत, त्यावरून अंदाज घ्या.

हे बेट किरिबाती नावाच्या देशात येतं. लिहितात किरिबाती, म्हणतात किरिबास. पॅसिफिक महासागरात विखुरलेली छोटी छोटी बेटं. 1979 साली देश स्वतंत्र झाला, पण आंतरराष्ट्रीय वाररेषा देशाच्या मधूनच जायची. म्हणजे एका बेटावरच्या सरकारी कचेरीत सोमवार, आणि दुसऱ्या बेटावर अजून रविवारची सुट्टी. कामाचा आठवडा जुळणार कसा? म्हणून 1994 संपून 1995 लागताना त्यांनी पूर्वेकडच्या बेटांवर एक अख्खा दिवस गाळला आणि रेषा पार पूर्वेला सरकवली.

त्यामुळे झालं काय, की 2000 सालाचा पहिला सूर्योदय आमच्याकडेच, असं त्यांना म्हणता आलं. कॅरोलाइन नावाच्या बेटाचं नाव 1999 मध्ये बदलून 'मिलेनियम आयलंड' केलं. गंमत म्हणजे त्या बेटावर कोणी राहतच नाही! मग राजधानीकडून सत्तरएक गाणारे-नाचणारे लोक तिथे नेले, सोबत पत्रकार, आणि तो सोहळा सॅटेलाइटवरून जगभर दाखवला.

आणि त्याच 1999 साली याच देशाची दोन निर्जन बेटं, तेबुआ तारावा आणि अबानुएआ, पाण्याखाली गेल्याची बातमी आली होती. ती किती जणांनी वाचली असेल? पुढे 2014 मध्ये किरिबातीने फिजी देशात वीसेक चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली. समुद्र वाढतोय, उद्या गरज पडली तर असावी म्हणून.

आता आपल्या देशात या. भारतातला पहिला सूर्योदय निकोबारमधल्या कचाल बेटावर होणार, असं तेव्हा जाहीर झालं. एरवी तिथे परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, कारण ती निकोबारी आदिवासींची राखीव जमीन आहे. पण त्या पहाटेसाठी पाहुणे गेले, कॅमेरे गेले. सूर्य उगवला, फोटो निघाले, सगळे परत आले. पाच वर्षांनी, 26 डिसेंबर 2004 ला, त्सुनामी आली. सगळ्यात जास्त फटका बसलेल्या बेटांमध्ये कचाल होतं. पहिल्या सूर्याचं बेट म्हणून ज्यांनी ते नाव ऐकलं होतं, त्यातल्या किती जणांना ते त्या दिवशी आठवलं असेल?

मला खटकतं ते हेच. दुसऱ्यांना दाखवायला केलेला सोहळा एका सकाळीत संपतो.

आता याच्या शेजारी डोंबिवली ठेवून बघा. आपण काही बेट नाही. फार तर रेल्वेच्या रुळांनी वेगळी केलेली पूर्व आणि पश्चिम अशी दोन बेटं म्हणू! पण 1999 साली, सगळं जग 31 डिसेंबरकडे डोळे लावून बसलेलं असताना, इथल्या लोकांनी वेगळंच काहीतरी केलं. फडके रोडवरचं श्री गणेश मंदिर संस्थान, आबासाहेब पटवारी आणि त्यांच्या बरोबरची मंडळी यांनी ठरवलं की आपलं नवं वर्ष आपण रस्त्यावर येऊन, एकत्र साजरं करायचं. तोपर्यंत पाडवा म्हणजे घरातली गुढी, कडुनिंबाचा पाला आणि श्रीखंड. 18 मार्च 1999 ला शके 1921 लागलं, आणि त्या वर्षीपासून नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. मी तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होतो.

पालखी, लेझीम, ढोलताशे, शाळांची पोरं, संस्थांचे चित्ररथ, नऊवारी नेसून बाइकवर निघालेल्या ताया आणि काकू. मग ठाण्यात, गिरगावात, राज्यभर अशा यात्रा निघायला लागल्या. आज टीव्हीवर गिरगाव जास्त दिसतं, पण सुरुवात इथली.

सगळं गोडगोड आहे असं नाही. फ्लेक्सवर नेत्यांचे चेहरे केवढे असतात, ते तुम्हीही बघता. आवाज कधी कधी कानाला सोसत नाही. आणि डोंबिवलीत आता फक्त मराठी घरं नाहीत. कानडी-तेलुगू शेजाऱ्यांचा युगादी त्याच दिवशी असतो, तमिळ आणि मल्याळी नववर्ष एप्रिलमध्ये. त्यांनाही यात आपलं वाटतं का, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

तरी ही यात्रा टिकली. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता, लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. फडके रोड रिकामा. पुढच्या वर्षीही यात्रा नाही. 2022 मध्ये निर्बंध उठले आणि लोक पुन्हा रस्त्यावर आले. कुठला चॅनल बोलवायला आला नव्हता. लोकांना यायचंच होतं.

शेवटी एक हिशोब सांगतो. विक्रम संवताचं 2000 वं वर्ष 1943 मध्येच लागून गेलं. इंग्रजी 2000 आपण पाहिलं. पण शालिवाहन शके 2000 अजून यायचंय! शकात 78 मिळवा: 2078. त्या पाडव्याला मी ऐंशी पार केलेली असेल. तुमच्यातले बरेच जण सत्तरीत असतील.

तेव्हा फडके रोडवर यात्रा निघेल का? ते रीलवरून ठरणार नाही. सकाळी सात वाजता झब्बा घालून सेल्फी काढायला आपण सगळेच जातो, मीही जातो. पण महिनाभर आधी बैठका घेणं, रस्ते ठरवणं, पोलिसांची परवानगी, पाण्याची सोय, नंतर कचरा उचलणं, हे अजूनही बरंचसं आपल्या आईबाबांच्या वयाची माणसं करतात. त्यांच्या हातून हे काम आपण शिकून घेतलं नाही, तर 2078 दूरच, 2038 सुद्धा अवघड आहे.

तेव्हा यंदा एक करा. पाडव्याच्या आधी तुमच्या भागातल्या यात्रेच्या एका तरी बैठकीला जा. मागे बसा, ऐका, आणि एक काम अंगावर घ्या. छोटं चालेल. काय घेतलंत ते मला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात. दारात उभे राहू नका!