कॅमेऱ्यापूर्वी शब्द
(महोत्सवाच्या चित्रफितीची सिद्धता करण्यासाठी जमलेल्या तरुण मंडळींपुढे केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवानिमित्त एक चित्रफीत करावी, आणि वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून भिवंडीतील आपल्या समाजाची हकीकत तीत नोंदवून ठेवावी, असा निश्चय तरुण मंडळींनी केला, ही आम्हांस मोठ्या संतोषाची गोष्ट वाटते. कॅमेरा कोणता घ्यावा आणि संकलन कोणी करावे, ह्याविषयी आपणांत उत्साहाने चर्चा चालू आहे. त्या विद्येत आम्ही आपणांस काय शिकवणार? परंतु कॅमेरा हाती घेण्यापूर्वी जी व्यवस्था करावी लागते, तिच्याविषयी चार शब्द बोलावेत असे आमच्या मनात आहे. कारण चित्रीकरणाचा दिवस वाया जातो तो बहुधा व्यवस्थेच्या अभावी. आणि आपल्या कामात वाया गेलेला दिवस पुन्हा मिळेलच असे नाही. ज्यांचे बोलणे आपण टिपू पाहता, त्यांतील कित्येकांनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत.

ह्या बाबतीत आपणांस गुरू शोधण्यास दूर जावयास नको. धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांस सारा देश दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो, ह्यांनी गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस ह्या चित्रगृहात प्रभू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला, आणि आपल्या देशातील कथा अशाच पडद्यावर आणाव्यात हा ध्यास त्यांना लागला. १९१२ साली ते लंडनला गेले, तेथे ही विद्या पाहून आले, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र त्यांनी मागविले. परंतु यंत्रे आली म्हणून त्यांनी लगेच राजा हरिश्चंद्राची कथा हाती घेतली नाही. आधी त्यांनी वाटाण्याचे बी कुंडीत पेरून त्याचा अंकुर कसा वाढतो ह्याचे एक लहानसे चित्र केले. त्यात त्यांच्या हाताची परीक्षा झाली, आणि तेच चित्र दाखवून भांडवल देणाराचा विश्वासही त्यांनी मिळविला. सबब आमची पहिली सूचना हीच, की महोत्सवाच्या कामास हात घालण्यापूर्वी आपण एक पाच मिनिटांचे चित्र पूर्ण करावे, अगदी शेवटपर्यंत, आणि ते चार परक्या माणसांस दाखवावे. जी अडचण पुढे येणार, ती त्या पाच मिनिटांतच दिसून येईल.

दादरच्या ज्या घरी फाळके राहत, तेथेच त्यांचा कारखाना होता. चित्रीकरण सूर्यप्रकाशात, म्हणून दिवस त्या कामाचा. फिल्म धुण्याचे काम अंधारात, म्हणून ते रात्रीचे. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडीत, आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडीत. येणेप्रमाणे सुमारे सात महिने खपून ३७०० फूट लांबीचा, चार रिळांचा चित्रपट तयार झाला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांपुढे आला. प्रत्येक दिवस कशासाठी आहे आणि प्रत्येक काम कोणाकडे आहे, हे ठरलेले होते म्हणूनच एका घराला एवढा व्याप झेपला.

तथापि ज्या माणसाने एवढी व्यवस्था केली, त्याच्याही कामात एक खोट राहून गेली, आणि ती आपल्याच ह्या परिसरात उघडी पडली. बाहेरच्या चित्रीकरणासाठी फाळक्यांनी कर्जतच्या लोहमार्गावरील वांगणी हे गाव निवडले होते. फाळके मागाहून यावयाचे होते. मंडळी सामानासह पुढे गेली. त्या सामानात ढाली, तलवारी आणि भाले होते. गावकऱ्यांस वाटले, गावावर दरोडा आला. पाटलाकडे वर्दी गेली, पाटलाने फौजदारास कळविले, आणि हरिश्चंद्राची सारी मंडळी अटकेत पडली. त्यांनी परोपरीने सांगितले, पण सिनेमा हा शब्दच ज्यांनी ऐकलेला नाही, त्यांस काय समजणार? अखेर फाळके धावत आले, त्यांनी कॅमेरा उघडून दाखविला, आणि आत फिल्म न घालताच एक प्रवेश करवून घेतला, तेव्हा कोठे फौजदाराचे समाधान झाले. चरित्रकारांनी ही हकीकत गमतीने सांगितली आहे, आणि ऐकताना आपणांसही हसू येते. परंतु त्या गावच्या बायकामुलांच्या मनात त्या दिवशी जी भीती उत्पन्न झाली, ती खरी होती. एक माणूस दोन दिवस आधी पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसला असता, तर ती भीती टळली असती.

म्हणून आम्ही म्हणतो, कॅमेऱ्यापूर्वी शब्द गेला पाहिजे. शेवटचे भोजन करावयाचे होते, तेव्हा प्रभूनेही पेत्र व योहान ह्यांना पुढे पाठवून जागा सिद्ध करविली होती, हे आपण जाणताच.

आता हा शब्द भिवंडीत कोणाकोणाकडे जावयास हवा, ते पाहू. चर्चच्या आवारात चित्रीकरण करणे आपल्या हातचे आहे. पण रस्त्यावर तिपाई मांडावयाची असेल, तर स्थानिक पोलीस ठाण्यास लेखी कळवावे, आणि जागा महानगरपालिकेची असेल तर तिचीही परवानगी घ्यावी. आकाशातून चित्र घेण्यासाठी ड्रोन आणण्याची काहींची इच्छा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरवा, पिवळा व लाल असे हवाई क्षेत्राचे विभाग नकाशावर दाखविलेले असतात. आपली जागा कोणत्या विभागात पडते, हे पाहिल्यावाचून ड्रोनचे भाडे ठरवू नये. जुन्या मागाच्या कारखान्यात चित्र घ्यावयाचे असेल, तर मालकास भेटावे, आणि तितक्याच अगत्याने तेथील कारागिरांस भेटावे. कारण त्यांच्या कामाचा वेळ आपण खाणार, आणि त्यांची मजुरी कापडाच्या वारावर ठरत असेल, तर तो वेळ त्यांच्या पदरचा जाईल. शेजारी मशीद आहे, मंदिर आहे. तेथील नमाजाच्या व आरतीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. आपल्या ध्वनिमुद्रणात त्यांचा आवाज येतो अशी तक्रार करण्यापेक्षा, त्या वेळी आपण चहा घ्यावा हे उत्तम.

ह्यावरून जागेची पाहणी हा विषय निघतो. जेथे चित्र घ्यावयाचे, तेथे काही दिवस आधी, आणि ज्या वेळी घ्यावयाचे त्याच वेळी, जाऊन उभे राहावे. सकाळी नऊ वाजता ज्या ओसरीवर सुंदर प्रकाश असतो, तेथे दुपारी तीन वाजता अर्धे तोंड काळे पडते. डोळे मिटून पाच मिनिटे ऐकावे. भिवंडीच्या माणसाचा कान मागाची खटखट सवयीने गाळून टाकतो. माइक काही गाळत नाही. वीज कोठून घ्यावयाची, ती गेल्यास बॅटऱ्या किती वेळ पुरतील, सामानाची गाडी कोठे उभी करावयाची, आणि म्हाताऱ्या माणसांस बसण्यास व प्रसाधनास जवळ सोय आहे की नाही, हे सर्व तेथेच लिहून घ्यावे. जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत बाहेरचे चित्रीकरण ठेवल्यास, त्याच दिवशी घरात घेता येईल असे दुसरे काम हाताशी राखावे, म्हणजे पाऊस आला तरी दिवस बुडणार नाही.

त्यानंतर दिवसाचा कागद. चित्रपटाच्या धंद्यातील लोक त्यास कॉल शीट म्हणतात. कोणी किती वाजता कोठे यावे, कोणते चित्र प्रथम व कोणते मागाहून, कोणते सामान कोणाच्या हवाली, जेवण केव्हा, दवाखाना कोठे, आणि अडचण आल्यास निर्णय कोणाचा, एवढे एका पानावर लिहून आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या हाती पोहोचले पाहिजे. चित्रांचा क्रम कथेप्रमाणे लावू नये, जागेप्रमाणे लावावा. एका जागेचे सारे काम एकदाच उरकावे. नाशिक रस्त्यावर गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींची दाटी आपणांस ठाऊक आहे, म्हणून एका दिवसात दोनांहून अधिक जागा धरू नयेत. आणि जेवणाची जबाबदारी नावानिशी नेमावी. आपल्या भगिनी पाहून घेतील असे कोणी गृहीत धरू नये. जो स्वयंपाक करील, त्याचे नाव चित्रफितीच्या शेवटी कॅमेरा धरणाराच्या नावाच्या बरोबरीने आले पाहिजे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट सांगतो. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र हा रोहिताश्वाची भूमिका करीत होता. चित्रीकरणाच्या काळात तो पडला, त्याच्या डोक्यास लागले आणि तो बेशुद्ध झाला. सोबत्यांनी काम थांबविण्यास सुचविले. पण मृत रोहिताश्वाचा प्रवेश घ्यावयाचा होताच, आणि फाळक्यांनी तो त्याच स्थितीत घेतला, असे चरित्रकार लिहितात. त्या पुरुषाच्या निश्चयापुढे आम्ही मस्तक नमवितो. तथापि ह्या एका बाबतीत आपण त्याचे अनुकरण करू नये अशी आमची आज्ञाच समजा. आपल्यापुढे जे बसतील ते नट नव्हेत. कोणी गाव सोडून पोटासाठी येथे आले, कोणी मागावर उभे राहून मुले वाढविली, कोणाच्या पोटात असे दुःख आहे की ते घरच्यांसही ठाऊक नाही. बोलताना कोणाचा कंठ दाटला, तर कॅमेरा बंद करण्याचा अधिकार त्या माणसाचा. हे त्यास आधी सांगावे, आणि त्याची संमती त्यास समजेल अशा भाषेत लिहून घ्यावी. त्यांची वेळ सकाळची ठेवावी, औषधपाणी सांभाळून, आणि एका बैठकीत तासापेक्षा अधिक ताण देऊ नये. आदल्या आठवड्यात एकदा कॅमेऱ्यावाचून त्यांच्याकडे नुसते बसण्यास जावे. ज्याच्या घरी आपण पूर्वी चहा घेतला आहे, तो आपल्यापुढे मोकळा बोलतो.

शेवटचा विषय जतनाचा. फाळक्यांच्या त्या चार रिळांपैकी आज पहिले व शेवटचे एवढीच दोन उरली आहेत, आणि तीही १९१३ सालची, की १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एवढ्या कष्टाची वस्तू अर्धी नाहीशी झाली! आपली सामग्री तर त्याहून नाजूक आहे. सेकंदास १०० मेगाबिट ह्या प्रमाणाने चित्र घेतल्यास एका तासास सुमारे ४५ गिगाबाइट जागा लागते. वीस तासांच्या मुलाखतींस सुमारे ९०० लागतील. त्याचा खर्च अंदाजपत्रकात आरंभीच धरावा. प्रत्येक संध्याकाळी दोन निरनिराळ्या डिस्कवर प्रती कराव्यात, तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि प्रती उघडून पाहिल्यावाचून कार्ड पुसू नये. हे काम एकाच माणसाकडे असावे, आणि त्यास त्या दिवशी दुसरे काम देऊ नये.

प्रिय मुलांनो, ही यादी ऐकून आपला उत्साह मावळू नये. व्यवस्था म्हणजे कोरडा हिशेब असे आपण समजू नका. दुसऱ्याचा वेळ, दुसऱ्याचे अंगण आणि दुसऱ्याची आठवण आपण मागून घेत आहो. ती मान राखून घेणे, ह्याचेच नाव व्यवस्था. मंडळाने येत्या रविवारी मिस्सेनंतर बसून पहिली यादी करावी, आणि तीत कॅमेऱ्याचे नाव शेवटी लिहावे. सर्वांत वर त्या वृद्ध माणसांची नावे लिहावीत, वयाच्या क्रमाने, म्हणजे आधी कोणाच्या दारी जावयाचे हे आपोआप ठरेल. परमेश्वर आपल्या श्रमांस यश देवो, आणि ज्यांच्याकडे आपण जाणार आहा त्यांना तोपर्यंत सुखरूप राखो.