सीमाभागातील उद्योग : मागायचे ते काय?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला विषय दिला आहे 'उद्योगांचे क्लस्टर आणि शासनाचे धोरण'. विषय मोठा आहे आणि आम्ही काही अर्थतज्ज्ञ नाही. बी.कॉम. होऊन बँकेत कारकून म्हणून लागलो आणि बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागातल्या माणसांचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे काउंटरच्या अलीकडे बसून पाहत आलो. तेवढ्याच अधिकारावर चार गोष्टी सांगतो.

आपली घरे इथे कित्येक पिढ्यांची आहेत, त्यामुळे पहिली गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. निजामाच्या राज्यातला जुना बीदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. भाषेच्या अंगाने या वाटणीवर आपण पुष्कळ बोललो आहोत आणि बोलत राहू. पण ती बाजाराचीही वाटणी होती, याकडे कमी लक्ष गेले. परळीहून विकाराबादला जाणारी रेल्वे आजही उदगीर, कमलनगर, भालकी, बीदर, जहीराबाद अशीच जाते. रुळांना तीन राज्ये माहीत नाहीत. औरादचा शेतकरी भाव बरा दिसला की माल उदगीरच्या मोंढ्यात नेतो, आळंदचा माणूस अक्कलकोट-सोलापूरकडे पाहतो, आणि बीदरचा कारखानदार हैदराबादकडे. शासनाची उद्योगविषयक धोरणे मात्र राज्याच्या वेशीपाशी येऊन थांबतात. वेशीच्या पलीकडे उदगीर महाराष्ट्राच्या प्रोत्साहन योजनेत मागास तालुक्यांच्या वर्गात, अलीकडे भालकी कर्नाटकाच्या वेगळ्या वर्गवारीत, आणि बीदरपासून तासाभराच्या आत असलेले जहीराबाद तेलंगणाच्या मोठ्या औद्योगिक क्षेत्रात. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने देशात बारा औद्योगिक शहरे मंजूर केली, त्यांत जहीराबाद आहे.

आता क्लस्टर म्हणजे काय? कॉलेजात आम्हाला मार्शल नावाचा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ शिकवला होता. त्याचे म्हणणे सोपे आहे. एकाच धंद्यातली पुष्कळ लहान माणसे एका गावात बसली की कसबी कामगार तिथे आपोआप जमतो, कच्चा माल आणि सुटे भाग विकणारा तिथे दुकान टाकतो, आणि धंद्यातली खुबी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. सोलापूरची चादर आणि टॉवेल याचे आपल्या शेजारचे उदाहरण. सरकारने फर्मान काढले म्हणून सोलापूरला माग बसले नाहीत. तेलंगणातून आलेली पद्मशाली मंडळी, गिरण्या, रंगारी, सूत व्यापारी हे सगळे आधी जमले. योजना मागून आल्या.

आपल्याकडे असे काय आहे? पहिले नाव कोणीही घेईल ते बिदरीचे. जस्त सोळा भाग आणि तांबे एक भाग असा ओतीव धातू, त्यावर चांदीच्या तारेची जडण, आणि शेवटी किल्ल्यातली माती नवसागरात कालवून लावली की बाकी सगळे काळे पडते आणि चांदी तेवढी चमकते. २००६ मध्ये या कलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०२३ मध्ये रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला अभिमान आहे. पण कारागिराच्या घरात अडचण कलेची नसते, चांदीची असते. आज चांदी घ्यायची, वस्तू विकून पैसे हाती यायला महिने लागायचे, आणि मधल्या काळात भाव चढायचा. त्याला खेळते भांडवल हवे आहे आणि ते वेळेवर हवे आहे. सत्कार आणि प्रदर्शने झाली तरी हा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

शहाबादी फरशीचे थोडक्यात सांगतो. मुंबईच्या चाळींपासून खेड्यातल्या ओसरीपर्यंत महाराष्ट्र या दगडावर चालला. नाव आपल्या शहाबादचे, पण नक्षी, पॉलिश आणि नफा बराचसा दुसरीकडे.

खरे बोलायचे ते तुरीबद्दल. कलबुर्गी जिल्हा कर्नाटकाचे तुरीचे कोठार. तूर विकास मंडळ २००२ पासून कलबुर्गीत आहे, 'गुलबर्गा तूर डाळ' या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. गावात नेहरू गंज आहे, डाळ मिली आहेत, आडते आहेत, हमाल आहेत. मार्शलच्या व्याख्येतले सगळे आहे. तरी पण आपल्या घरातला तूर पिकवणारा माणूस डिसेंबर-जानेवारीत खळ्यावरून थेट आडतीवर माल टाकतो आणि भाव पडलेला असतानाच विकतो. का? कारण पीककर्ज फेडायचे असते, लग्नसराई तोंडावर असते आणि घरात साठवायला जागा नसते.

२०१६-१७ साली काय झाले ते आठवा. तूर उदंड आली. बोनससह हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि बाजार त्याच्या पुष्कळ खाली गेला. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, पोती उघड्यावर पडली. त्यानंतर भाव चढले तेव्हा केंद्राने २०२१ पासून आयात खुली केली. म्यानमार, मोझांबिक, मलावीची तूर बंदरांवर येते आणि आपल्या शेजारच्या मिलींपर्यंत पोहोचते. शहरातल्या गिऱ्हाइकाला डाळ स्वस्त मिळावी हे आम्हाला मान्य आहे. पण त्याचा भार एकट्या कोरडवाहू शेतकऱ्यानेच का उचलायचा, हे कोणत्याच पक्षाने आपल्याला येऊन सांगितलेले नाही.

सीमेचा काच इथे दिसतो. हमीभावाच्या केंद्रावर कर्नाटकात शेतकऱ्याचा 'फ्रूट्स' क्रमांक आणि पहाणी लागते, महाराष्ट्रात सातबारा लागतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ७,५५० होता आणि त्यावर कर्नाटक शासनाने ४५० रुपये वाढवून दिले. औरादच्या माणसाने नेहमीच्या सवयीने उदगीरच्या मोंढ्यात माल घातला की हे ४५० गेले. उलट अलीकडे केंद्र उशिरा उघडले तर त्याला उदगीरच्या केंद्रावर उभे करत नाहीत. म्हणजे खुल्या बाजाराला तो दोन्हीकडे चालतो आणि सरकारला एकीकडेच.

मग या तुरीचे क्लस्टर करायचे म्हणजे काय करायचे? जुन्या पद्धतीने तूर भरडली, तेल-पाणी लावून उन्हात वाळवली, तर क्विंटलमागे डाळ सत्तर किलोच्या आसपास पडते. बाकी चुणी, चुरा, फोलपट. सुधारित यंत्रावर हा उतारा वाढतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संस्थेने त्याची पद्धत केव्हाच बसवून दिली आहे आणि म्हैसूर तर आपल्याच राज्यात आहे. त्यानंतर डाळीला रंग आणि आकाराप्रमाणे निवडणारे सॉर्टेक्स यंत्र लागते. ते एका लहान मिलवाल्याला परवडत नाही. वीस मिलवाल्यांना मिळून परवडते. तशीच गोष्ट गोदामाची. माल मान्यताप्राप्त वखारीत ठेवला, पावती घेतली, तर त्या पावतीवर बँक कर्ज देते. भाव सुधारेपर्यंत थांबता येते. २००७ च्या वखार कायद्याने ही सोय केली आहे, पण आपल्या भागातून अशी पावती घेऊन काउंटरवर येणारा माणूस आम्हाला क्वचितच दिसतो. सोने घेऊन येणारा रोज दिसतो.

केंद्राची लघुउद्योग क्लस्टर योजना नेमकी यासाठीच आहे. सामायिक सुविधा केंद्र उभारायला दहा कोटींपर्यंतच्या प्रकल्पाला केंद्र ७० टक्के अनुदान देते, त्यापुढे तीस कोटींपर्यंत ६० टक्के. उरलेले राज्याने आणि सभासदांनी घालायचे. अट अशी की सभासद उद्योजकांनी मिळून एक स्वतंत्र कंपनी किंवा संस्था काढली पाहिजे. घोडे इथेच अडते. मिलवाला मिलवाल्याला हिशेब दाखवायला तयार नसतो. आणि आपल्यासारख्या जुन्या घरांचे सांगायचे तर जमीन आणि नोकरी या दोन गोष्टींखेरीज तिसऱ्या गोष्टीत पैसा घालायचा नाही हा आपला वडिलोपार्जित शिरस्ता. ठेव इथल्या बँकेत, मुलगा पुण्याला, आणि ठेव मोडली की तीही पुण्याला फ्लॅटमध्ये. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही. मुलाने इथे थांबावे असे आपण त्याला काय दाखवले, असा प्रश्न तेवढा विचारतो.

आता राजकारण. २००२ मध्ये डॉ. नंजुंडप्पा समितीने कर्नाटकातले १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले. त्यांतले ३९ अतिमागास, आणि त्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातले. दहा वर्षांनी घटनादुरुस्ती होऊन ३७१(जे) कलम आले, २०१३ मध्ये विकास मंडळ झाले, २०१९ मध्ये त्याचे नाव कल्याण कर्नाटक झाले, आणि २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मंडळाची तरतूद ५,००० कोटींवर गेली. पलीकडे मराठवाड्याचे वैधानिक विकास मंडळ १९९४ पासून होते, त्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. म्हणजे या एका बाबतीत, पटो न पटो, आपण मराठवाड्यातल्या सोयऱ्यांपेक्षा बऱ्या जागी आहोत.

आणि हे लक्षात घ्या, ३७१(जे) मध्ये अट वास्तव्याची आहे, मातृभाषेची नाही. इथे जन्मलेला किंवा ठरलेल्या तारखेआधी दहा वर्षे राहिलेला माणूस पात्र आहे. विभागातल्या 'क' गटाच्या नोकऱ्यांत ८० टक्के आणि 'ड' गटात ८५ टक्के जागा स्थानिकांना आहेत. दाखला सहायक आयुक्तांच्या कचेरीत मिळतो. 'ते कन्नडवाल्यांचे आहे' असे समजून ज्यांनी तो काढला नाही, अशी मराठी घरे आम्हाला माहीत आहेत.

आपल्या मागण्या काय असतात? नोव्हेंबर २०२० मध्ये मराठा समाजासाठी आधी प्राधिकरण आणि मग निगम जाहीर झाले, ५० कोटी रुपये सांगितले गेले. बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर होती, ती एप्रिल २०२१ मध्ये झाली. काही कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला, आपण फटाके वाजवले. मराठा आणि मराठी हे एक नव्हे, हेही त्या गडबडीत कोणी बोलले नाही. निगमाचे वैयक्तिक कर्ज ज्याला मिळाले त्याचा फायदा झाला, नाही म्हणत नाही. पण एक म्हैस आणि एक शिलाई यंत्र यांनी क्लस्टर होत नाही. आणि आमदार-खासदारांना दिलेली निवेदने काढून पाहा : समाजभवन, कमान, पुतळा, समाजभवनाला कंपाउंड. लग्नाला हॉल हवा हे खरे. मात्र सॉर्टेक्स यंत्र, वखार आणि माल तपासायची प्रयोगशाळा मागणारे निवेदन आमच्या पाहण्यात नाही.

सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आपली भूमिका सोडा असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमावासी गावांना आपली आरोग्य योजना लागू केली. मग तूर खरेदीसाठी सीमेवरची पहाणी का चालत नाही, हे मुंबईला विचारता येईल. बेंगळूरला विचारायचे ते वेगळे : कलबुर्गीचे वस्त्रोद्योग उद्यान मार्च २०२३ मध्ये देशातल्या सात पीएम मित्र उद्यानांत मंजूर झाले, त्यातल्या नोकऱ्यांसाठी आळंद-अफझलपूरच्या मुलींना प्रशिक्षण कुठे आणि केव्हा? निजामाच्या काळातली एम.एस.के. मिल या शहराने चालताना पाहिली आणि बंद पडतानाही पाहिली. त्यामुळे कोनशिलेवर आपला विश्वास थोडा कमी आहे, आणि तो तसाच असावा. हुमनाबाद आणि कोळारच्या औद्योगिक वसाहतींत औषधी रसायनांचे कारखाने आले तेव्हा रोजगार आला आणि विहिरींच्या पाण्याच्या तक्रारीही आल्या. म्हणून कोणता उद्योग, कुठे, आणि सांडपाणी कुठे, हे आधी विचारायचे.

लहान प्रमाणावर आजच करता येण्यासारखे एक आहे. अन्नप्रक्रियेच्या केंद्रीय योजनेत कलबुर्गीला तूर आणि बीदरला आले ही जिल्ह्याची पिके म्हणून ठरली आहेत. प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान केंद्राचे आणि त्यावर कर्नाटकाचे १५, मिळून कमाल पंधरा लाख. बचत गटांनाही ते मिळते, आणि बचत गटांच्या कामात बीदरच्या जिल्हा सहकारी बँकेचे नाव राज्याबाहेरही घेतले गेले आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी करून ठेवा. तिला आधार आणि पॅन पुरते, आणि एक पैसाही लागत नाही. बाजारात पाचशे-हजार मागणारे बसले आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. मागच्या टेबलावर अर्ज ठेवले आहेत, ते कन्नडमध्ये आहेत. कोणता रकाना कशाचा ते मराठीत लिहून प्रत्येक अर्जाला टाचले आहे. ज्यांच्या मिली आहेत त्यांनी मात्र जेवणानंतर दहा मिनिटे थांबावे, संस्थेच्या नोंदणीसाठी पहिली दहा नावे आजच लिहून घ्यायची आहेत.